भाच्याची रचना ऐकली, आता त्याला काय सांगू?

‘गेली बरीच वर्षं मी फोंड्याला घरीच गाण्याच्या शिकवण्या घेते. माझा भाचा पणजीत नोकरी करतो, व्हायोलिन वाजवतो, गणपतीत चवथीला घुमट हे मातीचं तालवाद्यही वाजवतो. आमच्या गावच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर पूर्वी कावीची लाल-पांढरी नक्षी होती. लहानपणी प्रदक्षिणा घालताना मी ती रोज बघायची. पुढे जीर्णोद्धार झाला, भिंतीला टाइल्स लागल्या आणि नक्षी गेली. घरच्या जुन्या अल्बममधल्या एका कृष्णधवल फोटोत ती आजोबांच्या मागे दिसते. त्या फोटोवरून भाच्याने नऊ मिनिटांची रचना केली आहे. शब्द नाहीत. तानपुरा, व्हायोलिन, घुमट आणि काहीतरी खरवडल्याचे आवाज. घरच्या ग्रुपवर टाकली तर सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग मला फोन करून म्हणाला, “मावशी, तू तरी खरं सांग.” खरं सांगायचं तर मला राग कळला नाही. रचना एकाच जागी घुटमळते असं वाटलं. खरवडण्याचा आवाज म्हणजे कुणीतरी नारळ खवतंय असं वाटलं. आणि ती भिंत मला त्यात कुठेच दिसली नाही. त्यातून मला चित्रातलं काही कळत नाही. बहीण म्हणते, छान म्हण आणि मोकळी हो. पुढच्या महिन्यात तो हे पणजीत लोकांसमोर वाजवणार आहे. त्याला विचारून रचना आणि फोटो सोबत पाठवते. काय सांगू त्याला?’
— एक मावशी, फोंडा

ताई,

‘छान’ म्हणून मोकळं व्हा, असं मी म्हणणार नाही. अंगठे त्याला मिळाले आहेत, आणि ते मिळाल्यावरही त्याने तुम्हाला फोन केला. त्याला काय हवंय ते यातच आलं. एकेका बंदिशीवर महिने घालवणाऱ्या तुम्ही, स्वतःची नऊ मिनिटं उभी करायला किती रात्री लागतात ते मी तुम्हाला सांगायला नको. एवढं काम केलेल्या माणसाला वाटतं, कुणीतरी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकलं असावं, आणि ऐकताना त्याला काय झालं ते आपल्याला कळावं. तेवढं तुम्ही नक्की देऊ शकता.

तुमच्या चार तक्रारींपैकी शेवटच्या तक्रारीपाशी मी थांबले. ‘ती भिंत मला त्यात कुठेच दिसली नाही.’ ताई, भाच्याने ती भिंत पाहिलेलीच नाही. तुमच्या मनातली भिंत लाल-पांढरी आहे, ऊन कलल्यावर ती कशी दिसायची हे तुम्हाला ठाऊक आहे, हाताला ती कशी लागायची हेही कदाचित आठवत असेल. त्याच्याकडे आहे तो हातभर लांबून बघायचा एक फोटो. त्यात कावेचा लाल रंग काळपट झाला आहे, एक अख्खं वर्तुळ आजोबांच्या फेट्यामागे गेलं आहे आणि दुसरं कडेला अर्ध्यात तुटलं आहे. त्याची रचना या फोटोची आहे. तुमच्या आठवणीच्या मापाने ती मोजलीत तर ती कायम उणीच भरणार, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

सर्गेई रखमानिनोव या रशियन संगीतकाराची ‘मृतांचं बेट’ ही वाद्यवृंदासाठीची रचना १९०९ सालची. आर्नोल्ड ब्यॉकलिनच्या त्याच नावाच्या चित्रावरून ती सुचली. काळ्या पाण्यातून एक होडी खडकाळ बेटाकडे चालली आहे असं ते चित्र. पण रखमानिनोवने आधी पाहिली होती ती त्या चित्राची कृष्णधवल छापील प्रत. पुढे मूळ रंगीत चित्र पाहिलं तेव्हा ते त्याला तितकंसं भिडलं नाही. हेच आधी पाहिलं असतं तर ही रचना कदाचित झालीच नसती, असं त्याने म्हटल्याचं सांगतात. त्या संगीतात पाच मात्रांची एक झुलती लय आहे, ऐकताना वल्ही ओढल्याचा भास होतो. मूळ चित्राशी ते किती जुळतं हा प्रश्न तिथे लहान पडतो. छापील कागदाने त्या माणसाला काय दिलं आणि त्याने त्याचं काय केलं, ते ऐकायचं.

आपल्याकडे तर हा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. रागमालेच्या चित्रांत आधी राग आणि मग चित्र. तोडी म्हटलं की वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणं रंगवली गेली. मडगावचे लक्ष्मण पै यांनीही रागांवर चित्रं केली. तोडी शिकवताना तुम्ही मुलींना ‘यात हरणं कुठे आहेत ते शोधा’ असं सांगत नाही ना? मग भाच्याच्या रचनेतही भिंत शोधू नका.

आता ‘एकाच जागी घुटमळते’ याकडे येते. हे तुमच्या कानाने अचूक टिपलंय, मलाही तसंच ऐकू आलं. पण ते का होत असावं याचा विचार केला तर मला त्यात मोठी गंमत सापडली. मॉदेस्त मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराचा चित्रकार आणि वास्तुकार मित्र व्हिक्टर हार्टमान १८७३ मध्ये वारला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि ते पाहून मुसोर्गस्कीने ‘प्रदर्शनातली चित्रं’ ही पियानोसाठीची रचना केली. फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेलने १९२२ मध्ये ती वाद्यवृंदासाठी बांधली आणि ती जगभर गेली. तिच्यात चित्रांच्या मधे मधे एक धून परत परत येते. ती कुठल्याच चित्राची नाही. दालनात एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या माणसाची ती धून आहे. तिच्या मात्रा कधी पाच, कधी सहा. म्हणजे पावलंही सारखी पडत नाहीत. पाहणारा माणूसच संगीतात येऊन बसला. आणि हार्टमानच्या त्या चित्रांपैकी बरीचशी आज सापडतच नाहीत. चित्रं गेली तरी लोक ते संगीत दीडशे वर्षं ऐकत आहेत.

तुम्ही ती नक्षी चालताना पाहिलीत. प्रदक्षिणेत एक फूल मागे जायचं, पुढचं यायचं, कोपरा वळला की नवी ओळ सुरू व्हायची. तुमच्या लेखी कावी म्हणजे चाल. भाच्याने ती पाहिली मेजावर फोटो ठेवून, एका जागी बसून. त्याच्या संगीताने एका जागी बसणं स्वाभाविकच म्हणायचं. म्हणून ‘हे पुढे सरकत नाही’ असं म्हणण्याऐवजी त्याला विचारा: ‘फोटो बघताना तुझी नजर आधी कुठे गेली? मग कुठे गेली? की एकाच ठिकाणी राहिली?’ तो म्हणाला की एकाच वर्तुळाकडे बघत राहिलो, तर ठहराव मुद्दाम आहे. मग नऊ मिनिटांचा ठहराव त्याला पेलला का, एवढाच प्रश्न उरतो. तो म्हणाला की नजर सारखी फिरत होती, तर रचनेत ते फिरणं आलेलं नाही हे त्याला त्याचं त्यालाच ऐकू येईल.

‘चित्रातलं कळत नाही’ हे मनातून काढून टाका. कावी कशी करतात हे तुम्ही कुणा जुन्या माणसाकडून ऐकलंच असेल. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर कंपास, सुया, लहान सुऱ्या घेऊन लाल खरवडत जायचं. खालचा पांढरा उघडा पडतो आणि त्याचीच वेल होते, फूल होतं, कलश होतो. पांढरा रंग कुणी भरलेला नसतो. थर वाळायच्या आत हात चालवायचा, चुकलं तर ते तसंच राहणार. गोव्यापासून कारवारच्या किनाऱ्यापर्यंत ही कला होती आणि कितीतरी ठिकाणी ती रंगाखाली नाहीतर टाइल्सखाली गेली, तुमच्या गावासारखीच. हे ध्यानात घेतलं की खरवडण्याचा तो आवाज कुठून आला ते कळतं. तरीही तुम्हाला त्यात नारळ खवणं ऐकू आलं, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातलं त्याच्या सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच आहे. ते लपवू नका, त्यावर हसूही नका. ‘अमुक मिनिटाला मला आपलं स्वयंपाकघर आठवलं, खवणीवर बसलेली आई आठवली’ असं सरळ सांगा. पणजीतल्या त्या हॉलमध्येही निम्म्या लोकांना खवणीच आठवणार आहे. त्याला ते चालणार असेल, कदाचित हवंही असेल, तर प्रश्न नाही. नको असेल तर आवाज बदलायला अजून महिना आहे.

घुमट कसा ऐकू आला याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही, त्यावरून तुम्ही हे फोनच्या स्पीकरवर ऐकलं असावं असा माझा अंदाज आहे. त्या एवढ्याशा स्पीकरवर घुमटाचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो; राहते ती वरची टकटक. व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवताना आवाजाचा दर्जाही उतरू शकतो. त्याला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा आणि चांगले इअरफोन लावून ऐका. पहिल्यांदा फोटो समोर घेऊ नका, अल्बम कपाटातच राहू दे. कागदावर मिनिट टाका आणि पुढे दोन-तीन शब्द: इथे कान टवकारले, इथे लक्ष गेलं, इथे दचकले, इथे संपलं असं वाटलं पण संपलं नाही. मत लिहू नका. एक रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका आणि मग फोटो घ्या. ताई, चौथ्या मिनिटाकडे लक्ष द्या. घुमट एकदम थांबतो आणि इतका वेळ खाली असलेला, पण न जाणवलेला तानपुरा उघडा पडतो. तिथे काही नवं आलेलं नाही, वरचं काढून घेतलं आहे. मी ते ऐकताना रेकॉर्डिंग थांबवून परत मागे नेलं. त्याने ते ठरवून केलं की सहज झालं, मला माहीत नाही. माझं हे मत मात्र त्याला पोचवू नका. त्याला तुमचा कान हवा आहे.

आणि तुमचा कान हीच तर मोठी गोष्ट आहे. ‘राग कुठला?’ हा प्रश्न मात्र पहिल्या दिवशी नको. तो तुमच्या सवयीतून येतो, आणि त्याने रागाचं वचन दिलेलंच नाही. सुरुवातीला भैरवाचा भास होतो, पुढे शुद्ध निषाद कोमल होतो, मग दोन्ही मध्यम येतात. तुम्हाला त्याचा त्रास होणं मी समजू शकते. विचारायचंच तर असं विचारा की हे स्वर तुला कुठून सापडले. पण सूर, लय, श्वास यांबद्दल अजिबात भीड ठेवू नका. सातव्या मिनिटाला व्हायोलिनचा तार षड्ज उतरलेला आहे. तो मुद्दाम नसावा. ‘तिथे सूर उतरलाय, पुन्हा रेकॉर्ड कर’ हे मावशीने मऊ शब्दांत गुंडाळून सांगण्यासारखं काही नाही, सरळ सांगा. शेवटच्या दोन मिनिटांत तोच वाक्यांश पुन्हा पुन्हा येतो आणि दोन वाक्यांशांच्या मधे दम घ्यायला जागा नाही. हे गाणाऱ्या माणसाला जितकं लगेच कळतं तितकं संगणकावर रचणाऱ्याला कळत नाही, कारण संगणकाला धाप लागत नाही. त्याला म्हणा, ‘हा तुकडा एकदा तोंडाने म्हणून बघ.’ या एका सूचनेने त्याची दोन मिनिटं सुधारतील असं मला खात्रीने वाटतं.

बोलण्याचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकाराला अभिप्राय देण्याची एक पद्धत घालून दिली. आधी पाहणाऱ्याने काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलाकाराने स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्याने मताचा काटा काढून टाकलेले प्रश्न विचारायचे. आणि मत अगदी शेवटी, तेही ‘सांगू का?’ असं विचारून. मला यातली दुसरी पायरी फार मोलाची वाटते आणि आपल्याकडे नेमकी तीच गळते. ‘खरं सांग’ हे फार मोठं मागणं आहे. त्याला उलट विचारा, ‘कशाबद्दल सांगू? तुला शंका कुठे आहे?’ बहुतेक वेळा रचणाऱ्याला आपली दुखरी जागा माहीत असते. तो स्वतःच म्हणेल, ‘मावशी, शेवट लांबलाय का गं?’ तो असं म्हणाला की तुमचं अर्धं काम झालं.

आणि शेवटी, एवढं सगळं होऊनही रचना तुम्हाला आवडली नाही तर? तसंही सांगता येतं. ‘मला हे आवडायला जड गेलं, पण अमुक जागा मी पुन्हा ऐकली’ असं म्हणा, अर्थात ती खरोखर पुन्हा ऐकली असेल तरच. नसलेलं कौतुक शोधून आणू नका. रोज सूर तपासणाऱ्या मावशीचा खोटा स्वर त्याला लगेच ओळखू येईल. तुमच्या बहिणीचा हेतू चांगला आहे, पोराचं मन मोडू नये एवढंच तिला वाटतं. तिला हे सांगा की मन मोडतं ते चारचौघांत. म्हणून ग्रुपवर काही लिहू नका, आणि चवथीला सगळे जमल्यावर आरतीनंतरच्या गप्पांत तर हा विषय काढूच नका. तिथे कुणीतरी ‘आमचो खवणी-संगीतकार’ म्हणायचा आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटायचं. एखाद्या रविवारी त्याला फोंड्याला बोलवा. दोघांनी मिळून एकदा पूर्ण ऐका, मधे बोलू नका, मग तुमचा कागद काढा.

तुमच्या आठवणीतली भिंत त्याला जरूर द्या, पण वेगळ्या दिवशी. कुठल्या ओळीत कुठलं फूल होतं, लाल विटकरी होता की गडद, गिलावा कुठे सुटला होता, सगळं. त्याच्याकडून एखादी दुसरी रचना होईल किंवा होणार नाही. ही रचना दुरुस्त करायला मात्र ती आठवण वापरू नका. महिन्याभरावर कार्यक्रम आलेल्या मुलाने सगळं मोडून पहिल्यापासून सुरू करावं असं या रचनेत काही नाही.

कार्यक्रमात फोटो पडद्यावर दाखवायचा का, हे तो विचारेल. माझं मत असं की आधी वाजवावं, फोटो नंतर दाखवावा. फोटो आधी आला की लोक आजोबांकडे बघत बसतील आणि संगीतात आजोबा शोधतील. कावी म्हणजे काय आणि ती भिंत आता नाही, एवढं सुरुवातीला त्याने दोन वाक्यांत सांगितलं की पुरे. पण हा निर्णय त्याचा आहे. आणि कार्यक्रम आठवड्यावर आला की रचनेबद्दल बोलणं बंद करा. तेव्हा बोलायचं ते फक्त वाजवण्याबद्दल: व्हायोलिन ट्रॅकमधल्या तानपुऱ्याशीच लाव, घुमटाचा ट्रॅक किती वर ठेवायचा ते हॉलमध्ये आधी जाऊन ऐक, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तारांचा सूर हलतो, तेव्हा तासभर आधी पोचून व्हायोलिनची केस उघडून ठेव.